लायटनिंगच्या इनटेकचे तापमान: ११३ खरे की १६०?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही ह्यूस्टनला असता, तुमच्याकडे २००२ ची फोर्ड एफ-१५० लायटनिंग पिकअप आहे. आधीच्या मालकाने क्रँकवरची पुली, जिच्यावरून सुपरचार्जर फिरतो, ती मोठी बसवून बूस्ट (हवेचा जादा दाब) मूळच्या ८ पीएसआयवरून (पौंड प्रति चौरस इंच) १२ वर नेला. उन्हाळ्यात पूर्ण थ्रॉटल दिल्यावर शेवटी ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे यंत्र) इनटेकचे, म्हणजे आत ओढल्या जाणाऱ्या हवेचे, तापमान ११३ फॅरनहाइट दाखवतो आणि आधीच्याच मालकाने डॅशवर लावलेला गेज १६०. यातला खरा आकडा कोणता, आणि मोठा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) घ्यावा का?

आधी थेट उत्तर देतो. बहुतेक दोन्ही आकडे खरे आहेत, कारण ते दोन वेगवेगळ्या जागांचे आहेत. इंटरकूलर बदलायचा की नाही हे त्या दोघांपैकी एकावरूनही ठरणार नाही. त्यासाठी तिसरा आकडा लागेल, इंटरकूलरच्या पाण्याचा. तो तुमच्याकडे अजून नाही.

मी पुण्यात इंजिन टेस्ट बेडवर काम शिकलो आणि आता बरीच वर्षे फिनिक्समध्ये सुपरचार्जर लावलेल्या गाड्यांचे ट्यूनिंग करतो. इथे जून-जुलैत ४३-४५ सेल्सिअस म्हणजे रोजचीच हवा, त्यामुळे इनटेकचे तापमान हा आमच्याकडे हौसेचा विषय राहत नाही. पुढचे सगळे आकडे सेल्सिअसमध्ये देतो, हिशेब सोपा होतो. तुमचे ११३ म्हणजे ४५ अंश आणि १६० म्हणजे ७१ अंश.

लायटनिंगची रचना आधी डोळ्यासमोर आणा. ५.४ लिटरचे व्ही-८, त्यावर ईटनचा एम-११२ ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जर, हवा दाबून आत ढकलणारा पंप), आणि ब्लोअरच्या खाली मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागात) बसवलेला पाण्याचा इंटरकूलर. हवा फिल्टरमधून येते, ब्लोअरमध्ये दाबली जाते, तापते, खाली इंटरकूलरच्या पातींमधून जाते आणि मग सिलिंडरकडे वळते. फोर्डने या गाडीत हवेचे तापमान दोन ठिकाणी मोजले आहे: एक सेन्सर ब्लोअरच्या आधी, दुसरा इंटरकूलरच्या नंतर. साधा ओबीडी रीडर मागतो तो ठरलेला पीआयडी (एकेका मोजणीचा सांकेतिक क्रमांक), ०एफ, आणि त्याच्या उत्तरात सहसा पहिल्या सेन्सरचा आकडा येतो. दुसरा सेन्सर वाचायला फोर्डचे स्वतःचे पीआयडी समजणारे सॉफ्टवेअर लागते. म्हणजे तुमचा ४५ अंशांचा आकडा ब्लोअरमध्ये शिरणाऱ्या हवेचा असावा आणि ७१ चा इंजिनमध्ये शिरणाऱ्या हवेचा.

"असावा" म्हणतो, कारण गाडी दुसऱ्याच्या हातून आली आहे आणि कोणी कुठली तार कुठे जोडली आहे हे बघितल्याशिवाय मी मान्य करत नाही. खात्री करणे सोपे आहे. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवा आणि केस वाळवायच्या ड्रायरने एकेक सेन्सर बाहेरून गरम करा. जो गरम केल्यावर रीडरवरचा आकडा चढतो, तोच सेन्सर रीडर वाचतो आहे. गेजचेही तसेच. पाच मिनिटांचे काम आहे.

त्याच्याही आधी एक तपासणी करा, तिला काहीच लागत नाही. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि पहाटे, ऊन चढायच्या आत, इंजिन सुरू न करता सगळे आकडे वाचा: दोन्ही हवेचे सेन्सर, कूलंट, गेज, आणि शेजारी टांगलेला साधा थर्मामीटर. रात्रभरात सगळे धातू एका तापमानाला आलेले असतात, तेव्हा सगळ्यांनी दोनेक अंशांच्या आत एकच आकडा दाखवला पाहिजे. एखादा दहा अंश वेगळा बोलत असेल तर तो सेन्सर, त्याची तार किंवा त्याचे कॅलिब्रेशन चुकले आहे, आणि पुढची कुठलीही मोजणी त्याच्यावर करण्यात अर्थ नाही. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत ही पहाटेची तपासणी कोणी केलेली नसते, आणि निम्मे गोंधळ तिथेच सुटतात.

आकडा चुकण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे चुकीच्या कंपनीचा सेन्सर. हे सेन्सर म्हणजे थर्मिस्टर: तापमान वाढले की रोध कमी होतो. फोर्डच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे ३७ किलोओहम आणि १०० अंशांना सुमारे २ किलोओहम असतो. जनरल मोटर्सच्या (जीएम) सेन्सरचा २० अंशांना साडेतीन किलोओहम, १०० ला १८० ओहमच्या आसपास. दिसायला दोन्ही सारखेच वाटू शकतात, कोणी पान्हा फिरवून जीएमचा सेन्सर फोर्डच्या तारेवर बसवला तर थंड हवेत, २० अंशांना, फोर्डचा संगणक ८० च्या वर काहीतरी वाचेल आणि स्पार्क मागे ओढून (ठिणगी उशिरा पाडून) बसेल. गाडी मंद का, म्हणून मालक महिनाभर प्लग आणि पंप बदलत राहतो. मल्टिमीटर घ्या, कनेक्टर काढा, खोलीच्या तापमानाला रोध मोजा. कोणत्या घराण्याचा सेन्सर आहे ते लगेच कळेल.

आता ७१ अंश हा आकडा चांगला की वाईट, ते बघू. इथे थोडे गणित करावे लागेल, पण ते तुमचे पैसे वाचवणारे गणित आहे.

हवा दाबली की तापतेच. किती, ते दाबाच्या गुणोत्तरावर (दाबल्यानंतरचा एकूण दाब भागिले आधीचा) आणि ब्लोअरच्या कार्यक्षमतेवर ठरते. ८ पीएसआय बूस्टला, समुद्रसपाटीजवळ, गुणोत्तर साधारण १.५४ येते, १२ ला १.८२. आत शिरणारी हवा ४५ अंशांची धरली, तर ८ पीएसआयला आदर्श वाढ ४२ अंश. ब्लोअर आदर्श नसतो. रूट्स जातीच्या ब्लोअरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर वाढ ७० अंश, म्हणजे ब्लोअरमधून बाहेर पडणारी हवा ११५ च्या आसपास. १२ पीएसआयला आदर्श वाढ ५९ अंश, पण जास्त दाबाला आणि जास्त फेऱ्यांना हा ब्लोअर आणखी अकार्यक्षम होतो. ५५ टक्के धरा. वाढ १०७, बाहेर पडणारी हवा १५२ अंश. पुली बदलून वाढवलेल्या चार पीएसआयने ब्लोअरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचे ३७ अंश वाढवले. बूस्ट वाढवला म्हणजे तितकी हवा जास्त गेली, असे समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. दाब वाढला त्यातला बराच वाटा उष्णतेने फुगलेल्या हवेचा आहे.

तुमचा इंटरकूलर या १५२ अंशांच्या हवेला ७१ वर आणतो आहे. ८१ अंश काढून घेतो. इंटरकूलरचे काम जोखायची रीत अशी: हवेचे जितके अंश उतरले त्याला, हवा आणि आत येणारे पाणी यांच्या तापमानातल्या फरकाने भागायचे. पाणी ५० अंशांचे असेल, तर ८१ भागिले १०२, म्हणजे ७९ टक्के. उत्तम. पाणी ३८ अंशांचे, म्हणजे ह्यूस्टनच्या दुपारच्या हवेइतकेच असेल, तर ८१ भागिले ११४, ७१ टक्के. ठीक, पण मग कोअरमध्ये (इंटरकूलरच्या पातींच्या गाभ्यात) गाळ, तेल किंवा हवेचा बुडबुडा शोधावा लागेल. आणि पाणी ६० चे निघाले, तर ८८ टक्के! म्हणजे कोअर आपले काम चोख करतो आहे आणि गुन्हेगार भलताच आहे. हवेचे तेच ७१ अंश, पण तीन वेगळे निष्कर्ष. म्हणून म्हणतो, पाणी मोजल्याशिवाय इंटरकूलरवर एक डॉलर खर्च करू नका.

पाण्यावर किती बोजा पडतो ते पण पाहा. एम-११२ हा एका फेरीत ११२ घनइंच, म्हणजे १.८४ लिटर हवा ढकलतो. मिनिटाला १३,००० फेऱ्यांना, गळती वगैरे वजा जाता, सेकंदाला सुमारे ०.३८ किलो हवा जाते. तिचे ८१ अंश उतरवायचे म्हणजे ३१ किलोवॅटच्या आसपास उष्णता पाण्यात शिरते. मिनिटाला २० लिटर पाणी फिरत असेल तर कोअरमधून जाताना पाणी २५ अंशांनी तापेल. प्रवाह १० लिटरच असेल तर हिशेबाने ५० अंशांनी तापायला हवे. प्रत्यक्षात तितके होत नाही, कारण त्याआधीच हवेतून उष्णता निघणे कमी होते आणि मॅनिफोल्डचे तापमान वर सरकते. दुसरीकडून बघा: सगळ्या सर्किटमध्ये मिळून ८ लिटर ग्लायकॉल-पाणी आहे असे धरले, तर १५ सेकंदांच्या एका पूर्ण थ्रॉटलने, गाडीच्या पुढच्या हीट एक्स्चेंजरने (हे पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरने) काहीच उष्णता टाकली नाही तर, ते १५ अंशांनी चढते. पहिली दौड छान, दुसरी मंद, तिसरी निरुत्साही, अशी तक्रार घेऊन लोक येतात त्याचे मूळ हे. पाणी परत थंड व्हायला वेळच मिळत नाही.

तर मोजायचे कुठे? माझ्या मते पाच जागा: फिल्टरमध्ये शिरणारी हवा, ब्लोअरमध्ये शिरणारी हवा, इंटरकूलरनंतरची हवा, कोअरमध्ये जाणारे पाणी, कोअरमधून परत येणारे पाणी. ब्लोअर आणि इंटरकूलर यांच्या मधली हवा ही सहावी जागा, सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात अवघड, तिच्याकडे नंतर येतो. पाण्याचे दोन सेन्सर बसवणे सर्वांत सोपे आहे. रबरी होज कापून मधे सेन्सरसाठी आटे असलेला ॲल्युमिनियमचा जोड टाकायचा आणि दोन्ही बाजूंना क्लॅम्प. पैसे दोनच सेन्सरचे असतील तर हवेचे राहू द्या, पाण्याचे दोन लावा.

फिल्टरपाशी का मोजायचे? कारण इंटरकूलरनंतरचा ७१ चा आकडा एकटा काही सांगत नाही. बाहेर ३८ असताना ७१, आणि बाहेर १५ असताना ७१, या दोन वेगळ्या गाड्या आहेत. लॉगमध्ये मी नेहमी "बाहेरच्या हवेपेक्षा किती वर" हा स्तंभ ठेवतो, आणि गाड्यांची तुलना फक्त त्याच्यावर करतो. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट डोळ्यात भरते. बाहेर ३८ असताना ब्लोअरमध्ये शिरणारी हवा ४५ ची, म्हणजे फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो आहे. हे सात अंश ब्लोअरमध्ये गुणाकाराने वाढतात. वरच्या गणितात आत ३८ घातले तर बाहेर १५२ ऐवजी १४३ येतात. उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला असेल तर त्याच्याभोवती पत्र्याची नीट बंद पेटी करा आणि फेंडरमधून बाहेरची हवा तिच्यात सोडा. स्वस्त काम, आणि फायदा मोजून दाखवता येतो.

सेन्सर कोणता, यावर मात्र थोडा वेळ घालवला पाहिजे, कारण इथेच बहुतेक गेज खोटे बोलतात. डॅशवरच्या गेजबरोबर येतो तो सहसा पितळी, टोकाशी बंद, आटे असलेला सेन्सर. तो मुळात पाणी आणि तेल मोजायला बनवलेला. पाण्यात तो चांगला चालतो. हवेत त्याला दोन आजार जडतात. पहिला, तो मॅनिफोल्डच्या गरम धातूला आट्यांनी घट्ट जखडलेला असतो, त्यामुळे थोडा हवेचा आणि थोडा धातूचा आकडा सांगतो. दुसरा, तो सावकाश असतो. समजा, त्याला बदलाचा ६३ टक्के पल्ला गाठायला सहा सेकंद लागतात, आणि दौडीत हवा सेकंदाला तीन अंशांनी तापते आहे. मग तो कायम जवळजवळ १८ अंश मागे राहील. तुम्ही पाय उचलता, तेव्हा गेज अजून चढतच असतो आणि काही सेकंदांनी कमाल आकडा दाखवतो. तुमच्या गेजवरचा १६० फॅरनहाइटचा आकडा पाय उचलल्यानंतर आला की आधी? हे नीट बघा. नंतर आला असेल, तर खरी कमाल किती होती ते या सेन्सरवरून सांगता येणार नाही.

हवेसाठी उघड्या टोकाचा थर्मिस्टर हवा, ज्याचा बारीक मणी प्लास्टिकच्या जाळीत उघडा दिसतो. फोर्डचे स्वतःचे सेन्सर असेच आहेत, आणि प्लास्टिकचे अंग धातूची उष्णताही कमी घेते. त्याहून वेगवान पाहिजे तर के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर), १.६ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या नळीतला. तो भिंतीपासून किमान १६ मिलिमीटर, म्हणजे जाडीच्या दहापट, प्रवाहात आत गेला पाहिजे, नाहीतर नळीतून भिंतीची उष्णता टोकापर्यंत पोचते.

के-टाइपच्या तारेत लोक हमखास फसतात. अमेरिकन पद्धतीत पिवळी तार धन आणि लाल तार ऋण असते. बॅटरीच्या सवयीने लाल म्हणजे धन समजून जोडली की गेज उलटे चालते. आणि तार कमी पडली म्हणून बॉनेटखाली साधी तांब्याची तार जोडू नका. समजा, तो जोड ८० अंशांत बसला आणि गेज ३० अंशांच्या केबिनमध्ये आहे, तर आकडा सरळ ५० अंशांनी कमी दिसेल. १५० ची हवा १०० ची वाटेल आणि तुम्ही खुशीत क्रँकची आणखी मोठी पुली लावाल. के-टाइपची जोडतार दुकानात मिळते, तीच वापरायची, कनेक्टरही त्याच जातीचे. चांगला जुळवलेला के-टाइपसुद्धा दोनेक अंश इकडे-तिकडे असतो, त्यामुळे एका अंशाच्या फरकावरून वाद घालू नये.

सेन्सर तपासायला बर्फाचे पाणी आणि उकळते पाणी पुरेसे आहे. बर्फ ठेचून घाला, थोडे पाणी, सतत ढवळा: शून्य. उकळत्या पाण्याला ह्यूस्टनला १०० धरायला हरकत नाही. उंचीवर मात्र दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी करायचा. डेन्व्हरला ९५, आणि आपल्या पुण्यात ९८ च्या जवळपास. फक्त उघड्या मण्याचा थर्मिस्टर पाण्यात बुडवू नका. तो पातळ पिशवीत घालून बुडवा.

आता सहावी जागा. ब्लोअरच्या खाली, इंटरकूलरच्या वर, जिथे खरे १५२ अंश आहेत की माझे गणित चुकते आहे ते कळते. ही जागा मोजली की ब्लोअरची कार्यक्षमता थेट काढता येते, आणि रोटरचे कोटिंग झिजलेल्या ब्लोअरला ओळखण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. पण तिथे पोचायला ब्लोअर काढून मॅनिफोल्ड टेबलावर घ्यावा लागतो. गाडीवर, जागेवर भोक पाडतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ॲल्युमिनियमचा एक वळलेला कीस व्हॉल्व्हच्या सीटवर अडकला तरी इंजिन उघडावे लागते. मॅनिफोल्ड बाहेर काढून, जाड भाग निवडून, ११/३२ इंची ड्रिलने भोक आणि १/८ एनपीटीचा (अमेरिकन पाइप-आट्याचा) टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, कीस त्याला चिकटून येतो. टॅप अर्धा फिरवून मागे, अर्धा फिरवून मागे, आणि सबंध आत जाऊ देऊ नका, एनपीटीचा आटा निमुळता असतो, जास्त खोल गेला की फिटिंग तळाला टेकते आणि दाब गळतो. त्यात कॉम्प्रेशन फिटिंग बसवून थर्मोकपल सरकवायचा. फिटिंगमधली रिंग टेफ्लॉनची घ्या म्हणजे खोली नंतर बदलता येते. या तापमानाला टेफ्लॉन आरामात टिकते. टोक रोटरपासून लांब राहील हे ब्लोअर बसवण्याआधी हाताने मोजून बघायचे, आणि सगळे झाल्यावर मॅनिफोल्ड गरम पाणी व साबणाने धुऊन, हवेने झटकून मगच गाडीवर. ज्यांना एवढे करायचे नाही त्यांनी ही जागा सोडून द्यावी. पाण्याचे दोन सेन्सर त्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

इन्फ्रारेड बंदुकीबद्दल विचारणार असाल तर: ती हवा मोजत नाही, पृष्ठभाग मोजते, आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर तर पृष्ठभागसुद्धा चुकीचा, खऱ्यापेक्षा बराच कमी. होजच्या काळ्या रबरावर, चालू गाडीत दोन होजमधला फरक अंदाजे बघायला ती बरी.

लॉग घ्यायची पद्धत. दौड रस्त्यावर नको, ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर). डायनोवर एक अडचण लक्षात ठेवा: समोरचा पंखा कितीही मोठा असला तरी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची बरोबरी क्वचित करतो, त्यामुळे पुढचा हीट एक्स्चेंजर तिथे उपाशी राहतो आणि पाणी थंड व्हायला रस्त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. डायनोवरच्या लॉगवरून हीट एक्स्चेंजर लहान आहे असे म्हणू नये. तुमच्या गाडीचा जुना डेटा मार्गही सावकाश आहे. रीडरमध्ये दहा-बारा पीआयडी निवडले तर प्रत्येकाचा आकडा फार उशिरा उशिरा येतो. गरजेचे तेवढेच निवडा: फेऱ्या, थ्रॉटल, दोन्ही हवेची तापमाने, स्पार्क. पाण्याचे सेन्सर वेगळ्या लॉगरवर घ्या आणि दोन्हींच्या घड्याळांचा मेळ बसवण्यासाठी सुरुवातीला एकदा थ्रॉटल झटकन दाबून सोडा.

सुरू करण्याआधी सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे एका वेगाने चालवा, पाणी स्थिर होऊ द्या. सिग्नलला उभे राहून लगेच दौड घेतली तर तुम्ही इंटरकूलर मोजत नाही, बॉनेटखाली साठलेली उष्णता मोजता. मग एकाच गिअरमध्ये, ठरलेल्या फेऱ्यांपासून ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत तीन दौडी, मधे ठरावीक दोन मिनिटांची संथ चाल. तिन्हींच्या आधी आणि नंतर पाण्याची दोन्ही तापमाने.

आता वाचा. दौडीच्या आधीच, संथ चालीत, पाणी बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंश वर असेल तर पुढचा हीट एक्स्चेंजर कमी पडतो आहे किंवा त्याला वारा मिळत नाही. एसीच्या कंडेन्सरच्या मागे दडला आहे का, पातींत किडे-माती भरली आहे का ते पाहा. आधी पाणी थंड आहे, पण दौडीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्यात ३५-४० अंशांचा फरक पडतो, तर प्रवाह कमी आहे: पंप म्हातारा झाला, होज दुमडला, किंवा सर्किटमध्ये हवा अडकली. पाणी थंड आहे, फरकही माफक आहे, आणि तरी हवा ७१ ला आहे, तेव्हाच कोअरकडे संशयाने बघायचे. शक्यता तीन, खर्च तीन प्रकारचे, आणि मधली सर्वांत स्वस्त. मला सर्वांत जास्त वेळा सापडते तीही मधलीच.

पंपाचा प्रवाह तर बादलीनेच मोजता येतो. परतीचा होज काढून बादलीत सोडा, टाकी भरती ठेवा, पंप चालू करा आणि ५ लिटर भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. १५ सेकंद म्हणजे मिनिटाला २० लिटर. ३० सेकंद लागले तर उत्तर मिळाले. पंपाला मिळणारा व्होल्टेजही तिथेच, पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असताना मोजा. साडेतेराऐवजी अकरा दिसले तर पंप निर्दोष आहे आणि जुनी तार किंवा रिले दोषी.

या सगळ्याची एवढी काळजी कशाला, तर ७१ अंशांना इंजिनच्या संगणकाने काय करायचे ते त्याच सेन्सरवरून ठरते. लायटनिंगमध्ये इंधनाचा मुख्य हिशेब आत जाणाऱ्या हवेचे वजन मोजणाऱ्या मास एअर सेन्सरवर होतो, पण स्पार्क किती मागे घ्यायचा हे इंटरकूलरनंतरच्या तापमानावर ठरते. जीएमच्या काही ट्रकांत मास एअर सेन्सर काढून फक्त दाब आणि तापमानावरून हवेचे वजन काढतात, तिथे तर १० अंशांची चूक म्हणजे हवेच्या अंदाजात ३ टक्क्यांची चूक, आणि इंधन तितकेच बिघडते. म्हणूनच सेन्सरच्या तारेत रेझिस्टर टाकून संगणकाला "हवा थंड आहे" असे भासवणाऱ्या वस्तूंबद्दल माझे मत ठाम आहे: त्या काढून फेका. त्यांनी हवा थंड होत नाही, फक्त नॉकपासून (इंधन अवेळी भडकण्यापासून) वाचवणारा पहारेकरी आंधळा होतो. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने अशी काही वस्तू लावली आहे का, हे पहाटेच्या तपासणीत लगेच उघडे पडेल, कारण तो एक सेन्सर बाकीच्यांपेक्षा थंड बोलेल.

पाणी-मेथॅनॉलचा फवारा पुढे कधी लावाल तर सेन्सर फवाऱ्याच्या आधी ठेवा किंवा नंतरच्या आकड्यावर विश्वास टाकू नका. थेंब सेन्सरवर बसतात, तिथे वाळतात, आणि सेन्सर हवेऐवजी ओल्या मण्याचे तापमान सांगतो. २०-३० अंशांचा "फायदा" दाखवणारे बरेच लॉग असे भिजलेले असतात.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आधी पहाटेची तपासणी आणि ड्रायरने सेन्सर ओळखणे. मग बादली आणि पंपाचा व्होल्टेज. मग फिल्टरभोवती पेटी. मग पाण्याचे दोन सेन्सर आणि तीन दौडींचा लॉग. इंटरकूलरनंतरची हवा तिन्ही दौडींत बाहेरच्या हवेपेक्षा ३०-३५ अंशांच्या आत राहिली आणि दोन मिनिटांत पुन्हा मूळ जागी आली, तर १२ पीएसआयवर चालणाऱ्या एम-११२ कडून ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात मी याहून जास्त मागणार नाही, आणि इंटरकूलरचे पैसे तुमच्या खिशात राहू द्या म्हणेन. दौडीगणिक आकडा दहा-दहा अंशांनी चढत गेला, तर लॉग होईपर्यंत आणि कारण सापडेपर्यंत पूर्ण थ्रॉटल बंद ठेवा, आणि याहून मोठी क्रँक पुली मनात असेल तर ती आत्ता घेऊ नका.